क्लच घसरतो, गिअर अडतो : दोष कुठला, ऑइल कुठलं?

या महिन्यात आलेल्या पत्रांत एक गोष्ट वारंवार दिसली. दोष क्लचचा असतो आणि खर्च गिअरबॉक्सवर होतो, किंवा नेमकं उलट. म्हणून उत्तरं देताना गाडी खोलण्याआधी दोष कसा ओळखायचा, यावर भर दिला आहे. सगळ्यांसाठी एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. मोटारीची क्लच प्लेट कोरडी असते, तिला ऑइल लागताच कामा नये. गिअरबॉक्समध्ये गिअर ऑइल असतं. क्लच हायड्रॉलिक, म्हणजे वायरऐवजी ऑइलच्या दाबावर चालणारा असेल, तर त्याच्या नळीत ब्रेक ऑइल असतं. यातलं एकही दुसऱ्याच्या जागी चालत नाही.

प्रश्न (सातारा) : माझी पेट्रोल हॅचबॅक ६८ हजार किलोमीटर चालली आहे. पुण्याहून येताना खंबाटकी चढायला लागलो की चौथ्या गिअरमध्ये इंजिनाचा आवाज वाढतो, पण गाडी उचलत नाही. गॅरेजवाले म्हणतात, क्लच वायर टाइट करून देतो, काम होईल. करून घेऊ का?

उत्तर : टाइट करून घेऊ नका. त्याने क्लच जास्त घसरेल. प्लेट झिजत जाते तशी तिला दाबून धरणारी प्रेशर प्लेट फ्लायव्हीलकडे, म्हणजे इंजिनाच्या जड चाकाकडे सरकते आणि हा दाब देणाऱ्या डायाफ्राम स्प्रिंगची बोटं रिलीज बेअरिंगच्या दिशेने बाहेर येतात (पेडल दाबलं की हेच बेअरिंग बोटांना दाबून क्लच सोडवतं). त्यामुळे वायरच्या क्लचमध्ये पेडलचा फ्री प्ले (मोकळी चाल) आपोआप कमी होत जातो. तो शून्य झाला की बेअरिंग बोटांना कायम टेकून राहतं, म्हणजे तुमचा पाय पेडलवर नसतानाही क्लच थोडा दाबलेलाच असतो. अशा वेळी वायर आणखी ओढली तर प्लेट उरलीसुरली पकडही सोडते.

आधी मोजमाप घ्या. पेडलशेजारी स्टीलची पट्टी उभी धरा आणि पेडल पायाने नव्हे, हाताने दाबा. जोर लागायला सुरुवात होते तिथपर्यंतचं अंतर म्हणजे फ्री प्ले. वायरच्या बहुतेक छोट्या गाड्यांत ते साधारण १५ ते २५ मिलिमीटर असतं. नेमका आकडा तुमच्या गाडीच्या पुस्तिकेत दिलेला असतो. काहीच फ्री प्ले नसेल तर गिअरबॉक्सच्या बाजूला वायरच्या टोकाला असलेला अॅडजस्टिंग नट सैल करून फ्री प्ले त्या अंतरावर आणा आणि गाडी चालवून बघा. कधीकधी एवढ्यावर भागतं.

फ्री प्ले बरोबर असूनही तक्रार तशीच असेल तर मोकळ्या, सपाट रस्त्यावर ५० च्या वेगाला वरचा गिअर टाका आणि एक्सलेटर पूर्ण दाबा. वेग वाढण्याआधी आरपीएमचा काटा उसळला तर क्लच घसरतोय हे नक्की. ही चाचणी एकदाच करा. हँडब्रेक ओढून, तिसऱ्या गिअरमध्ये क्लच सोडून इंजिन बंद पडतं का, हे बघायची पद्धत सर्रास वापरतात. पण आधीच अशक्त झालेली प्लेट त्यात जळते.

गिअरबॉक्स उतरवलाच तर तुम्ही तिथे हजर राहा आणि चार गोष्टी डोळ्यांनी बघा. प्लेटवरच्या रिव्हेटची डोकी लायनिंगच्या किती खाली आहेत? ती खोली ०.३ ते ०.५ मिलिमीटरवर आली की प्लेटचं आयुष्य संपलं. प्लेट ओली, काळपट चकचकीत आहे का? तशी असेल तर नवी प्लेट टाकण्याआधी ऑइल कुठून आलं ते शोधायला हवं. ते वासावरून ओळखता येतं. गिअर ऑइलला गंधकाचा उग्र दर्प असतो, तो आला तर गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं (इंजिनाची ताकद आत आणणाऱ्या दांड्याचं) सील गळतंय. तसा वास नसेल आणि फ्लायव्हीलच्या मागची बाजू ओली असेल तर क्रँकशाफ्टचं मागचं सील गेलंय. सील काही शे रुपयांचं असतं, पण ते बदलायला पुन्हा गिअरबॉक्स उतरवावा लागतो. म्हणून ते आताच बदलून घ्या. तिसरी गोष्ट, फ्लायव्हीलवर निळे डाग किंवा बारीक तडे आहेत का. डाग वरवरचे असतील तर लेथवर फेस मारून घेता येतो, तडे खोल असतील तर फ्लायव्हील बदलावं लागतं. चौथी गोष्ट डायाफ्रामच्या बोटांची टोकं. ती खाचा पडून असमान झाली असतील तर प्रेशर प्लेट परत वापरू नये.

प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग हा संच एकत्रच बदला. खरी मजुरी गिअरबॉक्स उतरवण्या-चढवण्याची असते. बेअरिंगवर पैसे वाचवले आणि ते सहा महिन्यांनी वाजायला लागलं, तर तीच मजुरी पुन्हा द्यावी लागते. बसवताना शाफ्टच्या स्प्लाइनवर (उभ्या खाचांवर) ग्रीसचा अगदी पुसट हात फिरवायचा. बोटभर ग्रीस लावलं तर फिरताना ते उडून प्लेटवर जातं. नवी प्लेट बसल्यावर पहिले ५०० किलोमीटर घाटात भरलेली गाडी नेणं टाळा, लायनिंगला पृष्ठभागाशी जुळायला तेवढा अवधी लागतो.

प्रश्न (नाशिक) : थंडीत सकाळी दुसरा गिअर टाकताना 'खर्र' असा आवाज यायचा. गाडी तापली की जायचा. ओळखीच्या मेकॅनिकने 'भारी' म्हणून ९० नंबरचं जीएल-५ ऑइल टाकलं. आता दुपारीही आवाज येतो. गाडी पुढच्या चाकांवर चालणारी आहे. सिंक्रो गेले का?

उत्तर : अजून गेले नसावेत, पण हे ऑइल तसंच ठेवलं तर जातील.

सिंक्रो रिंग बहुतेक पितळेची असते. गिअर टाकताना ती गिअरच्या शंकूवर घासते आणि दोघांचा वेग सारखा करते, मगच दात एकमेकांत बसतात. म्हणजे इथे घर्षण हवंच असतं. दोन्ही पृष्ठभागांमधला ऑइलचा थर क्षणात बाजूला सरला पाहिजे. जीएल-५ ऑइल डिफरन्शियलमधल्या (दोन्ही चाकांना ताकद वाटून देणाऱ्या भागातल्या) हायपॉइड गिअरसाठी बनवलेलं असतं. तिथे दात एकमेकांवर जबरदस्त दाबाने सरकतात, म्हणून त्यात गंधक-फॉस्फरसची दाबरोधक द्रव्यं जीएल-४ च्या जवळजवळ दुप्पट असतात. ती सिंक्रोसाठी फार निसरडी ठरतात, शिवाय गरम झाल्यावर त्यातल्या गंधकाची पितळेवर क्रिया होऊ शकते. आकडा मोठा म्हणून ऑइल चांगलं, असा हिशोब इथे चालत नाही. त्यात ९० चा जाडपणा. निफाड-नाशिकच्या डिसेंबरातल्या पहाटे ते इतकं घट्ट होतं की रिंगखालून लवकर सरतच नाही.

तुमच्या पुस्तिकेत लिहिलेला ग्रेडच टाका. अशा गाड्यांत तो बहुधा ७५डब्ल्यू-८० किंवा ७५डब्ल्यू-९०, जीएल-४ असतो. बोलेरो, सुमो, इनोव्हा क्रिस्टा अशा मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांत गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल वेगळे असतात. तिथे दोन्हींची ऑइलं वेगळी असू शकतात, आणि एकाच डब्यातून दोन्हीकडे ओतायची सवय घातक आहे.

ऑइल बदलण्याआधी एक चाचणी करा, कारण असाच आवाज क्लच पूर्ण सुटत नसला तरी येतो. गाडी उभी, इंजिन चालू, गिअर न्यूट्रलमध्ये. क्लच पूर्ण दाबा, चार सेकंद थांबा आणि मग रिव्हर्स टाका. बऱ्याच गाड्यांत रिव्हर्सला सिंक्रो नसतो. क्लच नीट सुटला असेल तर चार सेकंदांत इनपुट शाफ्ट थांबतो आणि गिअर निमूट पडतो. थांबूनही खर्र झालं तर दोष क्लचचा : वायर सैल, हायड्रॉलिकमध्ये हवा, किंवा वाकलेली प्लेट. रिव्हर्स गुपचूप पडत असेल आणि आवाज फक्त चालत्या गाडीत दुसऱ्या गिअरला येत असेल, तर सिंक्रो किंवा ऑइल.

ऑइल बदलताना गाडी १०-१५ मिनिटं चालवून आणा, कोमट ऑइल घाणीसकट बाहेर येतं. गाडी पूर्ण सपाट राहील अशी स्टँडवर घ्या. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरू नका. आता सगळ्यात महत्त्वाची पायरी : आधी वरचा फिलर प्लग सोडवा, मग खालचा ड्रेन प्लग. खालचा आधी उघडून सगळं ऑइल सांडलं आणि वरचा गंजून बसलेला निघाला, की गाडी जागेवर अडकते.

ड्रेन प्लगला चुंबक असेल तर तो पुसण्याआधी बघा. काळपट राखाडी, लोण्यासारखी मऊ पेस्ट असेल तर ती रोजची झीज आहे, काळजी नको. बोटांत टोचतील असे कण किंवा दाताचा तुकडा असेल तर गिअरबॉक्स उघडावाच लागेल. निघालेलं ऑइल उन्हात धरलं आणि त्यात सोनेरी चकाकी दिसली, तर ती सिंक्रोच्या पितळेची. चुंबक पितळ धरत नाही, म्हणून ते ऑइलमध्येच शोधायचं. नवा वॉशर घालून ड्रेन प्लग बसवा आणि फिलरच्या भोकातून ऑइल भरा. भोकाच्या खालच्या काठाला लागून ऑइल बाहेर ओघळायला लागलं की थांबा. छोट्या मोटारीत साधारण २ ते २.५ लिटर लागतं. जास्त भरलं तर ते फेसाळतं आणि सीलमधून बाहेर पडतं. तुमच्या गाडीत जीएल-५ राहून गेलं आहे, म्हणून नवं ऑइल हजारेक किलोमीटर चालवून पुन्हा एकदा बदला.

प्रश्न (सांगली) : क्लच पेडल खाली जाऊन तिथेच राहिलं. बॉनेट उघडलं तर डबीतलं ऑइल कमी दिसलं. जवळ पॉवर स्टीअरिंगचं ऑइल होतं, ते थोडं टाकलं. पेडल आलं आणि घरी पोचलो. आता काय करू?

उत्तर : गाडी हलवू नका. हे पत्र आम्ही मुद्दाम छापतो आहोत, कारण यात क्लचपेक्षा ब्रेकचा धोका मोठा आहे.

बहुतेक हायड्रॉलिक क्लचच्या गाड्यांत क्लच आणि ब्रेकला एकाच डबीतून ऑइल जातं. क्लचची नळी डबीच्या जरा वरच्या भागातून निघते. क्लचकडे गळती झाली तर क्लच आधी बंद पडावा आणि ब्रेकपुरतं ऑइल खाली शिल्लक राहावं, यासाठी ती तशी ठेवलेली असते. तुम्ही टाकलेलं खनिज ऑइल या दोन्हींकडे जाऊ शकतं. आतली रबरी सीलं ग्लायकॉलवर चालणाऱ्या ब्रेक ऑइलसाठी बनवलेली असतात. खनिज ऑइलमध्ये ती फुगतात, मऊ पडतात. लगेच काही जाणवत नाही. काही दिवसांनी ब्रेक धरून राहतात किंवा पेडल तळाला जातं.

गाडी टो करून न्या. डबी एकच असेल तर तीत ओतलेलं सगळं सिरिंजने काढून टाकणं ही फक्त सुरुवात आहे. नळ्या साफ करून मास्टर सिलेंडर, चाकांचे सिलेंडर, कॅलिपर आणि क्लचचे दोन्ही सिलेंडर यांची रबर किट बदलावी लागतील. खर्च टोचेल, तरी यात तडजोड करू नका.

आता मूळ गळती. ड्रायव्हरच्या पायापाशी, पेडल जिथे भिंतीला जोडलेलं असतं तिथे टिश्यू पेपर लावून बघा. ओला झाला तर मास्टर सिलेंडर. गिअरबॉक्सवरच्या स्लेव्ह सिलेंडरची रबरी टोपी जरा उचलली आणि आतून ऑइल टपकलं तर स्लेव्ह. बाहेर सगळं कोरडं असेल आणि इंजिन-गिअरबॉक्सच्या सांध्याखाली थेंब दिसत असतील, तर तुमच्या गाडीत स्लेव्ह आतच, रिलीज बेअरिंगसोबत बसवलेला आहे. तो बदलायला गिअरबॉक्स उतरतो; त्याच वेळी क्लच प्लेटही तपासून घ्या.

दुरुस्तीनंतर एअर काढायला दोन माणसं लागतात. स्लेव्हच्या निपलला (हवा काढायच्या तोटीला) पारदर्शक नळी लावून तिचं टोक बाटलीतल्या ताज्या ब्रेक ऑइलमध्ये बुडवा. आतला माणूस पेडल सावकाश दाबून धरतो, खालचा निपल अर्धा फेरा उघडतो, बुडबुडे निघतात, निपल बंद होतो आणि मगच पेडल सुटतं. क्रम चुकला तर बाहेर गेलेली हवा परत आत येते. मधूनमधून डबी भरत राहा. झाकणावर डॉट ३ किंवा डॉट ४, जे लिहिलं असेल तेच टाका. डॉट ५ सिलिकॉनचं असतं, ते यात मिसळत नाही. बॉनेटवर थेंब पडला तर लगेच पाण्याने धुवा, रंग जातो.

प्रश्न (चिपळूण) : मुलगा परदेशी असतो, गाडी पावसाळाभर शेडमध्ये उभी होती. आता इंजिन चालू होतं, पण क्लच दाबूनही एकही गिअर पडत नाही.

उत्तर : कोकणातल्या दमट हवेत प्लेट गंजून फ्लायव्हीलला चिकटली आहे. बहुतेक वेळा ती गिअरबॉक्स न उतरवता सुटते. आधी इंजिन १५ मिनिटं चालवून गरम करा आणि बंद करा. गाडी मोकळ्या मैदानावर, समोर कोणी नाही अशी उभी करा. क्लच पूर्ण दाबून पहिला गिअर टाका आणि स्टार्टर मारा. गाडी लगेच चालू लागेल, हे ध्यानात ठेवूनच मारा. क्लच दाबलेलाच ठेवून थोडा एक्सलेटर द्या आणि ब्रेकला हलके हिसके द्या. दोनचार हिसक्यांत 'टक्' असा आवाज येऊन प्लेट सुटते. ब्रेकची चाचणी आधी घ्या, कारण तीन महिने उभ्या गाडीत तेही गंजलेले असतात. सुटल्यावर पहिले काही किलोमीटर क्लच थरथरेल, मग बरा होईल. पुढच्या पावसाळ्यात शेजाऱ्यांना सांगून आठवड्यातून एकदा गाडी चालवून घ्या. जागेवर नुसतं इंजिन चालू केल्याने प्लेट सुटत नाही.

प्रश्न (कोल्हापूर) : पुराचं पाणी गाडीच्या सीटपर्यंत आलं होतं. इंजिन ऑइल बदललं. गिअर ऑइलही बदलायचं का?

उत्तर : हो. गिअरबॉक्सला हवा खेळायला ब्रीदर असतो, पाणी तिथून आत जातं. विशेषतः गरम गिअरबॉक्स थंड पाण्यात बुडाला की आतली हवा आकसते आणि पाणी ओढून घेते. ऑइल दुधाळ दिसलं तर भरा, ५० किलोमीटर चालवा, काढा, पुन्हा भरा. दुधाळ नसलं तरी एकदा बदला. ब्रेक ऑइलही बदला.

प्रश्न (कुडाळ) : न्यूट्रलमध्ये घरघर आवाज येतो, क्लच दाबला की जातो. मेकॅनिक रिलीज बेअरिंग सांगतो.

उत्तर : क्लच दाबल्यावर जाणारा आवाज सहसा गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्ट बेअरिंगचा असतो, कारण दाबल्यावर तो शाफ्ट थांबतो. रिलीज बेअरिंगचा आवाज दाबल्यावर येतो. आधी गिअर ऑइलची पातळी बघा.

प्रश्न (ठाणे) : घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये रोज दीड तास जातो. क्लच २५ हजारांतच गेला. माझं काय चुकतं?

उत्तर : दोन सवयी तपासा. चढावर गाडी हाफ क्लचवर तोलून धरता का? त्या वेळी इंजिनची सगळी ताकद प्लेटवर उष्णता होऊन जिरते. हँडब्रेक ओढा, निघताना क्लच पकडायला लागला आणि गाडीचं नाक जरा उचललं की हँडब्रेक सोडा. दुसरी सवय, गाडी चालू असताना डावा पाय पेडलवर टेकवून ठेवण्याची. पायाच्या वजनाने बेअरिंग फिरत राहतं आणि पकड ढिली होते. सिग्नलला अर्धा मिनिट थांबायचं असेल तर न्यूट्रल. पुढची गाडी हात-दोन हात सरकली की लगेच तिच्यामागे पुढे सरकू नका, पहिल्या गिअरमध्ये क्लच पूर्ण सोडता येईल एवढी जागा झाल्यावर निघा. जळका वास एकदाच आला असेल तर गाडी बाजूला घेऊन २० मिनिटं थंड होऊ द्या. नंतर घसरत नसेल तर प्लेट वाचली आहे.

प्रश्न (अहिल्यानगर) : १२५ सीसी बाइकमध्ये मोटारीचं उरलेलं महागडं सिंथेटिक ऑइल टाकलं. आता पिकअप नाही.

उत्तर : बाइकचा क्लच इंजिन ऑइलमध्येच बुडालेला असतो. मोटारीच्या पातळ ऑइलमध्ये घर्षण कमी करणारी द्रव्यं असतात, त्याने प्लेट घसरतात. ऑइल काढून डब्यावर जासो (जपानी मानक) एमए किंवा एमए२ लिहिलेलं टाका. एमबी लिहिलेलं नको, ते स्कूटरसाठी असतं. या वर्गातल्या बाइकला पाऊण ते एक लिटर लागतं. दोनशे किलोमीटरनंतर पुन्हा बदला, बहुधा पकड परत येते. क्लचच्या दांडीच्या टोकाला १० ते २० मिलिमीटर मोकळीक आहे ना, तेही बघा.

प्रश्न (पोलादपूर) : आंबेनळी घाट उतरताना डिझेल वाचावं म्हणून क्लच दाबून किंवा न्यूट्रलवर गाडी सोडतो. मागच्या आठवड्यात खाली येता येता ब्रेक पेडल एकदम मऊ लागलं. थांबल्यावर पुन्हा ठीक झालं.

उत्तर : तुमचं ब्रेक ऑइल उकळलं होतं. क्लच दाबला किंवा न्यूट्रल केलं की इंजिनाचा रोध चाकांपर्यंत पोचत नाही आणि सगळा भार ब्रेकवर येतो. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं. नवं डॉट ३ किमान २०५ अंशांवर उकळतं, पण त्यात ३.७ टक्के पाणी मुरलं की तो बिंदू १४० पर्यंत उतरू शकतो. डॉट ४ चा २३० वरून १५५. कॅलिपर त्याहून तापला की ऑइलची वाफ होते. वाफ दाबली जाते, ऑइल दाबलं जात नाही, म्हणून पेडल मऊ होतं. थंड झाल्यावर वाफेचं परत ऑइल होतं आणि सगळं ठीक वाटतं.

डिझेलही वाचत नाही. आजच्या गाड्यांत गिअरमध्ये असताना एक्सलेटर सोडला की इंजेक्टर इंधन तोडतात. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला डिझेल लागतंच. उतरताना चढायला लागेल तोच गिअर ठेवा, बहुधा दुसरा किंवा तिसरा. उतार सुरू होण्याआधीच तो टाका. ब्रेक सतत घासत न ठेवता थोडा दाबून सोडा. आणि पुढच्या वेळी घाटात जाण्याआधी ब्रेक ऑइल पूर्ण बदलून घ्या. कोकणातल्या हवेत दर दोन वर्षांनी ते बदलायलाच हवं.